शुद्धिपत्र

अकरा वर्षं मी फळ्यावर एकच लंबगोल काढला.
एका टोकाला सूर्य, पिवळ्या खडूचा,
पृथ्वी त्याला जवळजवळ चिकटलेली,
खाली अक्षर वळणदार : उन्हाळा.
पोरं उतरवून घ्यायची.
बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, पत्रे तडतडत,
माझ्या चुकीला साक्ष द्यायला
अख्खा एप्रिल खिडकीत उभा.

मग प्रणोती कुमरे, सातवी, शेवटून दुसरा बाक,
पेन्सिल दातांत धरून म्हणाली,
"सर, जवळ आल्यानं तापत असन
त ऑस्ट्रेलियात त्याच महिन्यांत थंडी कायले पडते?
थे काय येगळ्या पृथ्वीवर हाये?"
वर्ग हसला.
त्या दिवशीची घंटा
शिपायानं मुद्दाम उशिरा वाजवली असावी.

रात्री पुस्तक उघडलं.
सूर्य सगळ्यात जवळ असतो जानेवारीत,
संक्रांतीच्या दहाएक दिवस आधी,
पराटीची शेवटली वेचणी बाकी असते
आणि शेकोटीवरून उठवत नाही, तेव्हा.
सगळ्यात लांब जुलैत, डवरणीच्या दिवसांत.
फरक पन्नास लाख किलोमीटर.
एवढ्या पन्नास लाखांनी फारसं काही बिघडत नाही,
सगळं बिघडतं पृथ्वीच्या कलण्यानं.

दुसऱ्या दिवशी घरून ज्वारी नेली.
वर्गामागच्या मोकळ्या जागेत पोरांना म्हणालो,
"ही ओंजळ म्हणजे ऊन.
सूर्य डोक्यावर असला, की ती
या एवढ्याशा वाफ्यात पडते. दाट.
तो तिरपा झाला, की तीच ओंजळ
त्या बाभळीपर्यंत पुरवायची. विरळ.
वर दिवस आखूड, म्हणजे पेरायलाही वेळ कमी."
पोरांना समजलं.
कोंबड्यांनी आधी उन्हाळा संपवला, मग हिवाळा.

पण मागचं काय?
अकरा तुकड्या, सरासरी एकोणतीस पोरं,
तीनशे एकोणीस घरांत माझा खोटा सूर्य.
मी सायकल काढली.

देवानंद टेकाम फाट्यावर बर्फगोळा विकतो.
लादीवर गोणपाट, गोणपाटावर जुनी गोधडी.
त्याचा लहाना विचारत होता,
"गोधडी गरम रायते ना बा, मंग बर्फ पाघयन ना?"
देवानंद म्हणाला, "गोधडी कायची गरम?
थे दारावरची म्हतारी हाये.
आतल्याले बाहेर जाऊ देत नाही,
बाहेरच्याले आत येऊ देत नाही."
हे मी कधी शिकवलं नव्हतं.
खिशातली वही काढून लिहून घेतलं.
मग त्याला सूर्याचं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून.
त्यानं ऐकलं. म्हणाला,
"मंग आता ऊन कमी लागन का, सर?"
नाही, म्हटलं.
"मंग असू द्या," आणि गोळा पुढे केला.

सुमित्रा आडेच्या किराण्यात वेगळीच रड.
"भाव वीस टक्के चढवला, मंग वीस टक्के सूट देल्ली.
शंभराचे शंभर याले पाह्यजे ना?
गल्ला रोज कमी भरते. पोरगं हात मारते वाटते."
मी पुड्याच्या कागदावर मांडलं :
शंभराचे झाले एकशेवीस.
सूट बसली त्या एकशेवीसवर. गेले चोवीस.
उरले शहाण्णव.
ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.
मग आतून पोराला हाक मारली
आणि काही न बोलता
त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

तीनशे एकोणिसांतले सत्तावीस झालेत.
काही पुण्याला, दोघी बल्लारशाला,
एक जण राहिलाच नाही,
त्याच्या वहीत उन्हाळा चुकीचाच राहील.

आज चार जानेवारी.
शाळेच्या ओट्यावर मफलर कानांवर ओढून उभा आहे.
तुरीवर दव. बोटांना खडू धरवत नाही.
पलीकडच्या टेकडीमागून तो निघतोय,
वर्षातला सगळ्यात जवळचा,
आणि कुडकुडत हात पुढे करावा
तर ओंजळीत
सात-आठ दाणे.